कोणता डास, कुठे आणि किती वाजता?

उष्ण कटिबंधात कुठेही जंगल तोडून रबराची, पामची किंवा भाताची लागवड झाली, रस्ता गेला, वस्ती उभी राहिली आणि पाठोपाठ हिवतापाची साथ आली, की वाद ठरलेल्या वाटेने सुरू होतो. एक बाजू म्हणते, जंगल तोडलंत म्हणून डास वाढले. दुसरी म्हणते, उरलीसुरली झाडीही साफ करा, म्हणजे डास जातील. दोघंही तावातावाने भांडतात, पण मुळात एका गोष्टीवर त्यांचं एकमत असतं : डास नावाचा एकच शत्रू आहे आणि तो एक तर वाढतो किंवा घटतो. माझ्या मते चूक इथेच आहे. जमिनीचा वापर बदलला की डासांची संख्या बदलते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या जाती बदलतात. जात बदलली की चावण्याची जागा बदलते, चावण्याची वेळ बदलते आणि अनेकदा आजारही बदलतो. म्हणून कोणती जात, कुठे आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी माणसाला गाठते हे तपासल्याशिवाय, जंगल राखण्याचा किंवा तोडण्याचा कोणताही निर्णय आरोग्याच्या नावावर खपवू नये.

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. हिवताप पसरवू शकणाऱ्या अॅनाफिलीस कुळात साडेचारशेहून अधिक जाती येतात आणि त्यांतल्या जेमतेम चाळीसेक जाती माणसाच्या हिवतापाचा मुख्य भार वाहतात. काही डास तर माणसाला चावतच नाहीत. टॉक्सोऱ्हिंकायटिस हा धिप्पाड डास फुलांच्या रसावर जगतो आणि त्याच्या अळ्या इतर डासांच्या अळ्या खातात. या सगळ्यांना एका मापाने मोजल्याची किंमत विज्ञानानेही मोजली आहे. हिवताप डासांतून पसरतो का हे शोधणारे डॉक्टर रोनाल्ड रॉस १८९५पासून हिवतापाच्या रुग्णांचं रक्त प्यायलेले डास फाडून पाहत होते, पण त्यांच्या हाती लागत होते ते मुख्यतः क्युलेक्स आणि एडिस या दुसऱ्या गटांतले डास. त्या पोटांत माणसाच्या हिवतापाचा परजीवी वाढणं शक्यच नव्हतं. १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत ठिपकेदार पंखांचे वेगळे डास, म्हणजे अॅनाफिलीस, त्यांना मिळाले आणि काही दिवसांत कोडं सुटलं. दोन वर्षं परिश्रम किंवा चिकाटी कमी पडली नव्हती. जात चुकत होती, एवढंच.

जमिनीच्या वापराबद्दल बोलायचं तर माल्कम वॉटसन या डॉक्टरची हकीकत सविस्तर सांगायला हवी, कारण दोन्ही बाजूंची उत्तरं तिच्यात आहेत. १९०१ साली वॉटसन मलायातल्या क्लांग गावी रुजू झाला तेव्हा गाव हिवतापाने पोखरलेलं होतं. त्याने आजूबाजूची दलदल निचरा करून कोरडी केली, जंगल हटवलं आणि हिवताप झपाट्याने उतरला. झाडी साफ करा म्हणणाऱ्यांना याहून चांगला दाखला मिळणार नाही, आणि तो खराही आहे. त्या सपाट किनारी भागात हिवताप पसरवणारा डास होता अॅनाफिलीस अम्ब्रोसस. त्याला झाडांच्या सावलीतलं साचलेलं पाणी लागतं. सावली गेली, पाणी गेलं, डास गेला. मग हाच उपाय डोंगराळ भागातल्या रबराच्या मळ्यांवर केला गेला. दऱ्यांतलं जंगल तोडलं, ओढे मोकळे केले. तिथे हिवताप उतरण्याऐवजी भडकला. डोंगरातल्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात अॅनाफिलीस मॅक्युलेटस वाढतो आणि त्याला हवं असतं ऊन. जंगलाच्या छताखाली तो नगण्य होता. मळेवाल्यांनी छत काढून घेतलं आणि ओढ्यांचा काठ न् काठ त्याला खुला करून दिला. एकाच देशात, थोड्याच अंतरावर, एकाच हेतूने, एकाच माणसाच्या अनुभवात तेच काम एकीकडे औषध ठरलं आणि दुसरीकडे विष. वॉटसनने पुढे दऱ्यांत जमिनीखालून नळ घालून आणि पाण्यावर तेल टाकून मॅक्युलेटस आटोक्यात आणला. आसामच्या चहामळ्यांत तर याच्या नेमका उलटा उपाय झाला : अॅनाफिलीस मिनिमसच्या अळ्या उन्हातल्या, गवताळ काठांच्या संथ प्रवाहांत वाढतात हे ओळखून पाण्याच्या कडेने मुद्दाम दाट झुडपं लावली गेली आणि सावलीने डास हटवला. झुडपं लावून डास घालवणं हे आजच्या वादात कोणाच्या तोंडी तरी येतं का?

आता जंगल वाचवू पाहणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. पेरूच्या अॅमेझॉनमध्ये इकिटोस ते नाउता या नव्या रस्त्यालगत झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अॅनाफिलीस डार्लिंगी हा तिथला मुख्य हिवताप-वाहक. जंगल तोडलेल्या ठिकाणी त्याच्या चाव्यांचं प्रमाण दाट जंगलाच्या ठिकाणांपेक्षा २७८ पटींनी जास्त निघालं. हा आकडा मान खाली घालून मान्य करावा असाच आहे. त्यामागची कारणंही स्पष्ट आहेत : झाडं पडली की खड्ड्यांत, चाकोऱ्यांत पाणी साचतं, त्यावर ऊन पडतं, शेवाळ धरतं आणि अळ्यांना खाणं मिळतं. उघड्या जमिनीचं तापमानही चढतं. बोर्निओत पामच्या मळ्यातलं दिवसाचं कमाल तापमान मूळ जंगलापेक्षा सहा अंशांनी जास्त असू शकतं, असं मोजमाप आहे. मर्यादेत वाढलेल्या उष्णतेत अळ्या लवकर वाढतात आणि डासाच्या पोटातल्या परजीवीची वाढही लवकर पुरी होते. फॅल्सिपेरम हिवतापाच्या परजीवीला डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. बहुतेक डास तेवढं जगतच नाहीत. म्हणून हा काळ दोन-तीन दिवसांनी जरी कमी झाला तरी साथीचं गणित बदलतं.

पण एवढ्यावरून ‘जंगल म्हणजे संरक्षण’ असा सरसकट सिद्धान्त काढणं मला मान्य नाही. आग्नेय आशियात अॅनाफिलीस डायरस हा अत्यंत घातक वाहक आहे आणि तो सावलीचाच डास आहे. तिथे हिवताप जंगलात जाणाऱ्या माणसाच्या मागे लागतो. बोर्निओतलं चित्र तर याहून गुंतागुंतीचं आहे. माकडांत आढळणारा प्लाझ्मोडियम नोलेसी हा परजीवी सारावाक या तिथल्या मलेशियन राज्यातल्या कपित भागातल्या माणसांत मोठ्या प्रमाणावर असल्याचं २००४ साली उघड झालं. २०१८ साली मलेशियात माणसांच्या नेहमीच्या हिवतापाचा एकही स्थानिक रुग्ण नोंदला गेला नाही, पण त्याच वर्षी नोलेसीचे रुग्ण हजारोंनी होते. शेजारच्या साबा राज्यात त्याचा वाहक आहे अॅनाफिलीस बालाबासेन्सिस. निम्मं तोडलेलं जंगल, त्याला लागून मळा, मळ्याच्या कडेला माकडं आणि त्याच कडेवर कामाला येणारी माणसं, अशी सरमिसळ त्याच्या पथ्यावर पडते. धोका पूर्ण जंगलात किंवा पूर्ण मळ्यात सर्वाधिक असतोच असं नाही. तो काठावर साचतो. जंगल की शेती असा दुहेरी प्रश्न विचारणाऱ्याला हा काठ दिसतच नाही.

आणि हा बालाबासेन्सिस चावतो कधी? मुख्यतः संध्याकाळी, अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, घराबाहेर. म्हणजे मळ्यातून माणसं परतत असतात, अंगणात बसलेली असतात तेव्हा. मच्छरदाणी त्या वेळी घडी करून ठेवलेली असते.

वेळेचा मुद्दा अनेकांना किरकोळ तपशील वाटतो. तो किती मूलभूत आहे हे युगांडात अलेक्झांडर हॅडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. जंगलात जमिनीपासून झाडांच्या शेंड्यांपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर माणसं बसवून सलग चोवीस तास, तासातासाने, अंगावर बसणारे डास पकडायचे ही त्यांची पद्धत. पुढे झिका जंगलात यासाठी सुमारे ३६ मीटर उंचीचा पोलादी मनोराच उभा राहिला. ज्या विषाणूचं नाव जगाने अलीकडे ऐकलं तो झिका विषाणू १९४७ साली याच जंगलात पिंजऱ्यात ठेवलेल्या माकडात आणि १९४८ साली तिथल्याच एडिस आफ्रिकानस डासांत सापडला होता. या चोवीस तासांच्या मोजणीतून पीतज्वराचा (यलो फीव्हर) माकडांकडून माणसांकडे होणारा प्रवास उलगडला. आफ्रिकानस झाडांच्या शेंड्यावर राहतो आणि त्याचा जोर सूर्यास्तानंतरच्या तासाभरात असतो, म्हणजे माकडं झोपायला शेंड्यावर चढलेली असतात तेव्हा. जमिनीवरच्या माणसाचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. पण दिवसा हीच माकडं जंगलालगतच्या केळीच्या बागांत फळं चोरायला उतरतात. केळीच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या घोटभर पाण्यात एडिस सिम्पसोनी वाढतो, आणि तो दिवसा चावतो. आधी माकडाला, नंतर बागेत राबणाऱ्या माणसाला. जंगलातली रात्र आणि शेतातला दिवस यांना जोडणारा पूल म्हणजे ती केळीची बाग. नुसत्या रात्री सापळे लावले असते तर सिम्पसोनी सुटला असता. नुसतं दिवसा जमिनीवर पाहिलं असतं तर आफ्रिकानस. दोन्ही वेळा आणि दोन्ही उंच्या मोजल्या म्हणून साखळी दिसली.

दक्षिण अमेरिकेतही हेच, फक्त घड्याळ उलटं. तिथे पीतज्वर वाहणारे निळसर हीमागोगस डास भर दुपारी शेंड्यावर वावरतात. लाकूडतोड्याने झाड पाडलं की शेंड्याबरोबर तेही खाली येतात आणि त्या उजेडात त्याला चावतात. झाड पाडणं हीच इथे जमीन-वापरातली उलथापालथ, आणि ती होते दिवसाच.

त्रिनिदादचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कोकोच्या मळ्यांत हिवतापाचा जोर होता. कोकोला सावली हवी म्हणून लावलेल्या उंच झाडांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड जातीच्या वनस्पती वाढत, त्यांच्या पानांच्या पेल्यांत पाणी साठे आणि त्या पाण्यात अॅनाफिलीस बेलाटर. गटारं आणि डबकी कितीही बुजवली तरी काय होणार होतं? डास डोक्यावर वाढत होता. तिथे काम करणाऱ्या कॉलिन पिटेंड्रिघ यांच्या लक्षात आलं की दिवस जसा चढतो-उतरतो आणि हवेतला दमटपणा बदलतो, तशी या डासांची उंची आणि चावण्याचा जोर ठरलेल्या लयीत बदलतो. पुढे हेच पिटेंड्रिघ सजीवांच्या अंतर्गत घड्याळाच्या शास्त्राचे एक संस्थापक झाले. डासांच्या वेळेचा प्रश्न गंभीरपणे घेतला तर तो किती दूर नेतो, हे त्यांच्या कामातून दिसतं.

घड्याळ फक्त डासालाच असतं असंही नाही. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या जगातल्या बहुतेक भागांत रात्री दहा ते दोनच्या सुमारास रक्तात सर्वाधिक सापडतात आणि दिवसा जवळपास दिसेनाशा होतात, हे पॅट्रिक मॅन्सनने १८७०च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये नोंदवलं. त्या भागांतला मुख्य वाहक क्युलेक्स रात्रीच चावतो. याच परजीवीचं पॉलिनेशियातल्या बेटांवरचं रूप मात्र दिवसा रक्तात जास्त असतं, कारण तिथला वाहक एडिस पॉलिनेसिएन्सिस दिवसा चावतो. परजीवीने वाहकाच्या वेळेशी आपली वेळ जुळवून घेतली आहे. म्हणूनच रक्तनमुने घेणारी पथकं रात्री घरोघर फिरतात. एका रोगाच्या तपासणीत आपण वेळेला इतका मान देतो, मग डासांशी लढताना तो मान कुठे जातो? कितीतरी ठिकाणी धुराची फवारणी कर्मचाऱ्यांच्या सोयीने भर दुपारी होते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा तो धूर घेऊन जाते, आणि डेंगीचा एडिस इजिप्ती, ज्याचा जोर सकाळी आणि सूर्यास्ताआधी असतो, तो घरात पलंगाखाली, कपड्यांच्या आड बसून असतो.

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत जड आक्षेप आता घेतो. तो असा : जाती आणि वेळा मोजत बसण्यात पैसा आणि वर्षं जातील, तोवर माणसं मरतील, मच्छरदाण्या वाटा, पाणी साचू देऊ नका, एवढं पुरेसं आहे. यात मोठं तथ्य आहे. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे ६६ कोटींहून अधिक रुग्ण टळले आणि त्यांतले सुमारे ६८ टक्के कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे, असा अंदाज आहे. ज्या साधनाने इतके जीव वाचवले त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलण्याची माझी तयारी नाही. पण ते इतकं यशस्वी का झालं? आफ्रिकेतला मुख्य वाहक अॅनाफिलीस गॅम्बी मध्यरात्रीनंतर, घरात, झोपलेल्या माणसाला चावतो म्हणून. मच्छरदाणी हे जात आणि वेळ नेमकी ओळखून केलेलंच हत्यार आहे. ते चाललं त्याचं श्रेय त्या ओळखीला आहे, आणि ओळख जुनी झाली की हत्यार बोथट होतं. सॉलोमन बेटांवर घरांत डीडीटी फवारल्यावर दोन वाहक जाती जवळजवळ नाहीशा झाल्या, पण अॅनाफिलीस फाराउटी उरला. तो आता घराबाहेर, संध्याकाळी लवकर चावतो. बेनिनमध्ये मच्छरदाण्या सर्वत्र पोचल्यावर अॅनाफिलीस फ्युनेस्टसच्या चाव्यांचा भर मध्यरात्रीकडून पहाटेकडे सरकला आणि काही चावे उजाडल्यानंतरचे निघाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहरात घरातले २० ते ३० टक्के अॅनाफिलीस-चावे चक्क दिवसा होत असल्याचं दिसलं. हे कळलं कारण कोणीतरी दिवसाही मोजलं. रात्रीच मोजत राहिलो असतो तर रात्रीचा घटलेला आकडा पाहून समाधान मानलं असतं.

दुसरा आक्षेप साधा आहे : एकूण डास कमी झाले तर रोग कमी होणारच, मग जातीचा घोळ कशाला? टांझानियात लोअर मोशीच्या भातशेतीच्या गावांत शेजारच्या कोरडवाहू गावांपेक्षा अॅनाफिलीस डास सुमारे चौपट होते, तरी हिवताप कमी होता. तिथली अॅराबिएन्सिस जात गुरांनाही चावते, आणि भातामुळे हातात पैसा आलेल्या कुटुंबांना मच्छरदाणी व औषध परवडत होतं. अर्थात हेही कायमचं नाही. आफ्रिकेत इतरत्र मच्छरदाण्या पोचल्यानंतरच्या काळातल्या आढाव्यांत भाताच्या गावांतच हिवताप जास्त दिसतो. म्हणजे एकूण संख्येवरून रोगाचा अंदाज बांधणं दोन्ही दिशांनी फसवं आहे. ओडिशाच्या डोंगराळ भागात तर अॅनाफिलीस फ्लुव्हिआटिलिस या एकाच नावाखाली दिसायला हुबेहूब सारख्या दोन जाती आहेत : ‘एस’ माणसाला चावते आणि हिवताप देते, ‘टी’ गुरांवर समाधान मानते. सूक्ष्मदर्शकाखालीही बाहेरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

मोजणी अवघड आहे, हे मान्यच. त्यासाठी माणूस गुडघ्यापर्यंत पँट वर करून अंधारात निश्चल बसतो. डास पायावर उतरला की सोंड टोचण्याआधी बॅटरीच्या उजेडात काचेच्या नळीने ओढून घ्यायचा, कापसाचा बोळा लावायचा आणि त्या तासाच्या कपात सोडायचा. कपावर वेळ लिहायची. सहा ते सात, सात ते आठ, असं पहाटेपर्यंत. अशा माणसाला हिवतापाचं प्रतिबंधक औषध आधी द्यावं लागतं. हे टाळायला दिव्याचे सापळे लावतात, पण ते फक्त अंधारात चालतात आणि उजेडाकडे झेपावणाऱ्या जातीच पकडतात. एडिससाठी वेगळा, वासाचा सापळा लागतो. म्हणजे मोजण्याचं साधन निवडतानाच आपण नकळत ठरवतो की कोणते डास अस्तित्वात आहेत. जंगल आणि मळा यांची तुलना करणारा अहवाल हाती आला की मी आधी सापळा कोणता, उंची किती आणि तास कोणते हे पाहतो. हे लिहिलेलं नसेल तर त्यातले आलेख कितीही देखणे असोत, त्यांवर मी विसंबत नाही.

शहर हीसुद्धा जमिनीच्या वापरातली एक पायरी आहे, हे विसरून चालणार नाही. आफ्रिकेतली शहरं हिवतापाच्या दृष्टीने खेड्यांपेक्षा सुरक्षित, असा बऱ्याच काळचा अनुभव होता. २०१२ साली जिबूतीत अॅनाफिलीस स्टीफेन्सी सापडला. दक्षिण आशियातल्या शहरांत टाक्या, हौद, पिंपांत वाढणारा हा डास तिथे पोचला आणि २०२२ साली इथिओपियातल्या दिरे दावात ऐन कोरड्या हंगामात हिवतापाची साथ उसळली. त्या शहरात तोडायला जंगल नव्हतं आणि साफ करायला झाडीही नव्हती.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. धरण, कालवा, मोठी लागवड, जंगलातून जाणारा रस्ता किंवा नवी वसाहत, यांच्या मंजुरीआधी होणाऱ्या पर्यावरण-अभ्यासात झाडं, पक्षी आणि प्राणी मोजतात तसे डासही मोजले जावेत. एकूण किती हे नव्हे, जातवार, जमिनीवर आणि उंचीवर, चोवीस तासांत तासवार आणि किमान एका ओल्या व एका कोरड्या हंगामात. त्यासोबत माणसांचीही नोंद हवी : कोण किती वाजता शेतात जातं, कोण रात्रपाळी करतं, बाया पाणी भरायला कधी निघतात, मुलं शाळेतून कोणत्या वाटेने येतात. डासाचा तास आणि माणसाचा तास एकमेकांवर ठेवले की धोका कुठे आहे हे उघड दिसतं. प्रकल्प उभा राहिल्यावर हीच मोजणी पुन्हा, तशाच पद्धतीने व्हायला हवी. एवढ्या मोठ्या प्रकल्पांच्या खर्चात कीटकशास्त्रज्ञांच्या एका छोट्या पथकाचा खर्च बसत नाही असं जे सांगतात, त्यांनी डोंगरातल्या त्या रबरमळ्यांत तापाने खाटेवर पडलेल्या मजुरांचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा, हेही सांगावं.